क्रोन्स निघालाय, मग आता एमआरआय कशाला? मदत हवी आहे

जुळेसोलापूरकर_आई: मुलाची दुर्बीण झाली, बायोप्सीत क्रोन्स (आतड्याच्या सुजेचा जुनाट आजार) आला. औषध सुरू करायच्या आधी लहान आतड्याचा एमआरआय करा, शिवाय संडासच्या जागेचा वेगळा, असं डॉक्टर म्हणतात. निदान झालंय ना? आणि खाली त्याला काहीच त्रास नाही. उद्या सांगायचंय, लवकर कळवा.

सातरस्ता: वय किती? वजन? टीबी बघितला का? भाच्याला सहा महिने टीबीच्या गोळ्या दिल्या आणि शेवटी क्रोन्सच निघाला.

जुळेसोलापूरकर_आई: 11 वर्षं, 24 किलो. दोन वर्षं चपलेचा नंबर तोच आहे. टीबीच्या तपासण्या झाल्या, काही नाही निघालं.

पेठेतला_मामा: शेंगाचटणी बंद करा, रोज ताक द्या. पोट आपोआप बसेल.

चिऊची_आई: मामा, ताकानं क्रोन्स बसत नाही. आहाराचा उपचार आहे, पण तो म्हणजे सहा ते आठ आठवडे नुसतं डॉक्टरांनी दिलेलं पातळ पोषण, बाकी काही नाही.
ताई, दुर्बिणीला आतड्याचं अस्तर दिसतं, भिंतीपलीकडचं नाही. लहान आतड्याचा मधला भाग तर तिच्या टप्प्यातच येत नाही. चिऊलाही त्रास नव्हता, संडासच्या जागेबाहेर फक्त एक मऊ कोंब. एमआरआयमध्ये आत भगंदर आणि पू निघाला. पू असताना इन्फ्लिक्सिमॅब (क्रोन्सचं, प्रतिकारशक्ती दाबणारं इंजेक्शन) देत नाहीत, आधी निचरा करून, तो चालू राहावा म्हणून भगंदरात दोरा घातला. न बघता सुरू केलं असतं तर?

सातरस्ता: सीटी करा की, स्वस्तात होईल.

चिऊची_आई: दादा, आजार जन्माचा आहे, पुन्हा पुन्हा बघावं लागणार. दर वेळी पोराला रेडिएशन कशाला?

सातरस्ता: आमच्याकडे सीटीतच आतडं अरुंद झालेलं दिसलं, म्हणून म्हटलं.

होटगीरोड: पुण्याला न्यायचं असेल तर सकाळची हुतात्मा बरी.

जुळेसोलापूरकर_आई: गाडीचं नाही विचारलं हो. एमआरआयला भूल देतात का?

चिऊची_आई: 11 वर्षांचा आहे, समजावलं तर पडून राहील. उपाशी न्यायचं, मग आतडं फुगायला गोडसर पाणी घोट घोट पाजतात. जास्तीचे कपडे ठेवा, नंतर जुलाब होतात. दोन्ही एकाच दिवशी होतील का विचारा. आणि ताई, त्याला एकट्याला जवळ घेऊन विचारा. या वयाची मुलं खालचं सांगत नाहीत.

जुळेसोलापूरकर_आई: आत्ता विचारलं. आधी नाही म्हणाला, मग रडला. दिवाळीपासून बसताना दुखतंय. चड्डीला पिवळट डाग असायचे, मी जुलाबाचे समजून धूत राहिले. शाळेत बाकावर एका कुशीवर बसतो म्हणे.

चिऊची_आई: हे सगळं उद्या डॉक्टरांना सांगा. ताप आला किंवा दुखणं वाढलं तर उद्याची वाट बघू नका.

जुळेसोलापूरकर_आई: ताप नाही, आत्ताच बघितला. दोन्ही एमआरआय करतोय.