लस घेताना कोल्हापूरकरानं पक्ष बघितला का?

शाहूपुरीकर: काल इथंच एकानं ठोकून दिलं, "विरोधकांनी भडकवलं म्हणून कोल्हापूरकर कोरोनाच्या लसीला घाबरले." साफ खोटं. 3 जानेवारी 2021 ला कोव्हॅक्सिनला परवानगी मिळाली तेव्हा तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीचे निष्कर्ष हातात नव्हते. ते विचारणारा देशद्रोही? आणि मे महिन्यात बेडसाठी धावाधाव सुरू झाली, तेव्हा सगळ्या झेंड्यांची माणसं पहाटेपासून लसीच्या रांगेत होती.

भुदरगडकर: समाजवादी पक्षाच्या अखिलेश यादवांनी परवानगीच्या आदल्या दिवशीच जाहीर केलं, भाजपची लस घेणार नाही. कसली आकडेवारी बघून? जूनमध्ये वडील मुलायमसिंहांनी घेतल्यावर सूर बदलला. आमचे मामा पक्के काँग्रेसवाले. "मोदीची सुई नको" म्हणत मार्च घालवला. मे महिन्यात गेले.

शाहूपुरीकर: मामांचं वाचून वाईट वाटलं. अखिलेश चुकले, मान्य. पण माझी मावशी कट्टर भाजपची. 1 मार्चला मोदींनी लस घेतलेली टीव्हीवर बघूनही ती काढाच पीत बसली. तिला कुणी भडकवलं?

जवाहरनगरची लेक: दिल्ली-लखनौ पुरे. वॉर्डात टोकन कोण वाटत होतं ते बोला. महापालिकेची मुदत 2020 लाच संपलेली, तरी माजी नगरसेवकाचा पोरगा शाळेच्या फाटकात खुर्ची टाकून, मांडीवर वही घेऊन बसलेला. माझ्या आईला तोंडावर म्हणाला, "तुमची गल्ली कुणाची ते ठाऊक हाय." उन्हात उभं राहून परत आली.

उद्यमनगर: आमच्याकडं उलट. आमच्या माजी नगरसेवकानं पदरचे पैसे घालून रिक्षा केल्या, म्हाताऱ्यांना नेऊन आणलं. मग फ्लेक्स लावला तर बिघडलं कुठं?

जवाहरनगरची लेक: लस सरकारी, टोचणारी सिस्टर सरकारी आणि फोटो ह्यांचा? वरपासून हेच. सर्टिफिकेटवर मोदी होतेच, छत्तीसगड आणि बंगालनं 18 ते 44 वाल्यांसाठी आपापले मुख्यमंत्री छापले. रिक्षाचं कौतुक करते, पण माझ्या आईचा नंबर कुणी खाल्ला?

भुदरगडकर: फ्लेक्स सोडा. अमेरिकेत रिपब्लिकन मतदारांत लसीकरण मागंच राहिलं. ऑगस्ट 2021 ला अलाबामात खुद्द ट्रम्प "लस घ्या" म्हणाले, तर त्यांच्याच सभेत काहींनी हुर्यो उडवली. एकदा डोक्यात भरवलं की नेत्यालाही निघत नाही.

शाहूपुरीकर: तिथं लस पडून होती हो! इथं 7 एप्रिलला राज्याचे तेव्हाचे आरोग्यमंत्री राजेश टोपे सांगत होते, तीन दिवसांचाच साठा उरलाय. दिल्लीतले तेव्हाचे आरोग्यमंत्री हर्षवर्धन म्हणाले, महाराष्ट्र अपयश झाकतोय. लसीकरण केंद्राला कुलूप असताना माणूस नकार कसला देणार?

भुदरगडकर: एप्रिलचं धरलं तुमचं. मार्चमध्ये साठीपुढच्यांना मिळत होती. मामा 68 चे होते.

जवाहरनगरची लेक: आणि त्या वहीचं उत्तर अजून एकानंही दिलेलं नाही.