'शॉट प्लेसमेंट'ला मराठीत काय म्हणाल?

खडूफळा: हौशी पिकलबॉलवाल्यांसाठी (छोट्या कोर्टवर, जाळीवरून बॅटने चेंडू मारायचा खेळ) चार ओळी लिहितोय आणि पहिल्याच शब्दाला अडलोय. वाक्य असं: 'जोरापेक्षा शॉट प्लेसमेंटवर गुण मिळतात.' मी 'फटक्याची स्थाननिश्चिती' लिहिलं. बायको म्हणाली, जमीन मोजायला निघालात का?

जुनंखोड: 'टप्पा' आहे की! टप्पा कुठे पाडायचा ते सांगा, झालं.

खडूफळा: समोरचा जाळीकडे धावत येत असताना त्याच्या पायाशी मारायला सांगतोय मी. तो वाकून टप्प्याआधीच चेंडू उचलतो. मग टप्पा कुठला?

तिरकीरेघ: 'मोक्याचा फटका' लिहा. मोका अरबीतून आला, त्याच्या धातूचा अर्थच 'पडणे'. म्हणजे पडायची जागा! याहून नेमकं काय हवं?

जुनंखोड: खेळ अमेरिकेचा, शब्द अरबी. मराठी आटली का?

तिरकीरेघ: त्याच धातूवरून वाकनीस, म्हणजे घडामोडींची नोंद ठेवणारा अधिकारी. शिवरायांच्या राज्याभिषेकाच्या वेळी, १६७४ मध्ये, त्या पदाचं नाव 'मंत्री' केलं. वाकनीस आडनावात अजून जिवंत आहे, साहेब.

मधलीफळी: वाकनीसांना सोडा. आमच्याकडे एक काका नुसते ओरडतात, "सांदीत घाल!" सांद म्हणजे दोन खेळाडूंच्या मधली फट. परवा तिथेच चेंडू गेला, दोघंही एकमेकांकडे बघत 'तुझा, तुझा' करत उभे. शिवाय जाळी कडेला ३६ इंच, मध्यावर ३४, त्यामुळे मधून मारणं सोपं. तिरका मारला तरी तेच, वर लांबीही जास्त मिळते.

जुनंखोड: सांद! माझ्या मते ही 'संधी'वरूनच. फटही तीच, मोकाही तोच. घ्या, अरबीची गरज संपली.

खडूफळा: पण मागच्या रेषेजवळ खोल मारलेल्या सर्व्हिसला सांद कशी म्हणू?

मधलीफळी: 'जागा बघून मार' म्हणा. सगळे तेच म्हणतात.

तिरकीरेघ: ते क्रियापद झालं, यांना नाम हवंय.

जुनंखोड: नामाचा हट्टच इंग्रजी आहे. बरं, जाळीलगतच्या सात फुटी पट्ट्याला काय लिहिलंत? 'किचन'?

खडूफळा: किचनच. 'स्वयंपाकघरात उभं राहून अधांतरी चेंडू मारू नये' लिहिलं तर कोण खेळेल?

मधलीफळी: त्यापेक्षा एक सांगा, तो हळूच किचनमध्ये सोडायचा फटका, डिंक. डिंक मारला की डिंक मारली? आमच्यात यावरून अर्धा गेम थांबला होता.

जुनंखोड: मारला. डिंक पुल्लिंगीच.

तिरकीरेघ: तो चिकटवायचा!