सकाळच्या प्रॉडक्शन मीटिंगमध्ये बोलणं अर्ध्यावर तोडतात. क्लास लावू का?

शिफ्टवाला
चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या मशीनवरच्या) मशीनिंगची शिफ्ट बघतो. मेकॅनिकल डिप्लोमा, दहावीपर्यंत मराठी माध्यम. मशीनचं काम जमतं, पण तीन ठिकाणी अडतं. साडेआठच्या मीटिंगमध्ये प्लँट हेड दुसऱ्या मिनिटाला 'पुढे बोला' म्हणतात. एका इंग्रजी मेलला पाऊण तास जातो आणि तरी उत्तर येत नाही. शिवाय ऑपरेटरना दिलेली सूचना पुढच्या पाळीपर्यंत पोचत नाही, विचारलं की 'हाँ सर, समझ गया'. अप्रेजलमध्ये 'कम्युनिकेशन सुधारा' एवढाच शेरा आहे. स्पोकन इंग्लिशचा क्लास लावावा का?

गेजरूम
क्लासचं नंतर बघू. तीन अडचणींपैकी इंग्रजीची फक्त एक आहे, आणि तीही निम्मीच.

मीटिंगमध्ये बोलणं तुटतं ते बहुधा क्रमामुळे. आपण जसं घडलं तसं सांगत जातो: रात्री अलार्म आला, मेंटेनन्सला फोन केला, ते दुसऱ्या लाईनवर होते, मग... समोरच्याला आकडा हवा असतो आणि तो सगळ्यात शेवटी येतो. उलटं करा. आधी आकडा, मग कारण, मग आत्ताची स्थिती, शेवटी तुम्हाला काय हवंय ते. असं:

'हब लाईन, तिसरी पाळी. टार्गेट २८६, चांगले नग २३७, तूट ४९. टरेट अलार्मने मशीन ५२ मिनिटं बंद, त्याचे ३५. बोअर मोठं झाल्याने स्क्रॅप १४. मशीन आता चालू आहे. दुसऱ्या पाळीला एक तास ओव्हरटाइम मिळाला तर ४० भरून निघतील, उरलेले ९ उद्या. मंजुरी हवी.'

अर्ध्या मिनिटात संपतं. (टरेट म्हणजे मशीनमधला टूल बदलणारा फिरता भाग, बोअर म्हणजे नगाचं आतलं गोल भोक, स्क्रॅप म्हणजे भंगार.) यात दोन गोष्टी मुद्दाम आहेत. एक, कारणांची बेरीज तुटीशी जुळते. तूट ४९ आणि कारणं ४० नगांची असली, की पुढची पाच मिनिटं त्या ९ नगांच्या चौकशीत जातात आणि तुम्ही बचाव करत बसता. टार्गेटही तोंडपाठ नको, मांडून दाखवता आलं पाहिजे: ४८० मिनिटांतून जेवणाची ३० आणि चहाची दोनदा १० गेली, राहिली ४३०, सायकल टाइम, म्हणजे एका नगाला लागणारा वेळ, ९० सेकंद, म्हणून २८६. दोन, मागणी ठोस आहे. 'सपोर्ट पाहिजे' म्हणाल तर सगळे मान हलवतात आणि मीटिंग उठते.

'मेंटेनन्सवाले आलेच नाहीत' हे वाक्य तर वापरूच नका. '२:१० ला कॉल, २:४० ला हजर, ३:०२ ला मशीन चालू' एवढं पुरतं. अर्थ तोच निघतो आणि मेंटेनन्सशी भांडण होत नाही. रात्री दोनला परत त्यांनाच बोलवायचंय.

तिसरी_पाळी
वरचे १४ स्क्रॅप नग वाचून हसू आलं. कारण पैजेवर सांगतो, संवादाचंच असणार.

समजा बोअर ४२ एच७ आहे (एच७ म्हणजे मापाची ठरलेली मर्यादा). म्हणजे ४२.००० ते ४२.०२५ मिलिमीटर, सगळी मिळून २५ मायक्रॉनची जागा. इन्सर्ट, म्हणजे टूलचा बदलता येणारा कापणारा तुकडा, झिजला की बोअर लहान व्हायला लागतं, ऑपरेटर थोडा थोडा ऑफसेट, म्हणजे मशीनमध्ये मापाची दुरुस्ती, देत जातो. पाळी बदलते, नवा माणूस नवीन इन्सर्ट बसवतो, जुना ऑफसेट तसाच राहतो आणि बोअर मोठं होतं. लहान बोअर पुन्हा कापता येतं, मोठं झालेलं थेट भंगारात. आधीच्या पाळीने 'ऑफसेट दिलाय' एवढं सांगितलं असेलही, पण किती, कोणत्या टूलला, आणि इन्सर्ट बदलल्यावर काय करायचं, हे राहिलं.

म्हणून हँडओव्हर केबिनमध्ये नाही, मशीनपाशी उभं राहून करा. दहा मिनिटं पुरतात. रजिस्टरमध्ये या पाळीत काय बदललं तेच लिहा: टूल नंबर, ऑफसेट किती, इन्सर्टचे किती नग झाले, होल्डवर काय ठेवलंय आणि का. 'बाकी सगळं ठीक' लिहायला बंदी. त्या वाक्याखाली काहीही झाकलं जातं.

आता 'समझ गया' बद्दल. 'समजलं का?' याला 'नाही' म्हणणं म्हणजे सगळ्यांसमोर अडाणी ठरणं, त्यामुळे उत्तर कायम 'हो'च येणार. प्रश्नच बदला: 'नया इन्सर्ट लगाने के बाद पहले क्या करोगे? बताओ.' तो म्हणाला, ऑफसेट काढणार, पहिला नग प्लग गेजने (भोकाचं माप तपासायच्या दांडीने) बघणार, मग सायकल चालू, तर पोचलं. अडखळला तर तुमची सूचना अर्धवट होती असं धरा आणि परत सांगा. विमानाचा पायलटसुद्धा कंट्रोल टॉवरची सूचना उलट वाचून दाखवतो, तो काही अडाणी नसतो. पहिले काही दिवस लोक कंटाळतात. मग तेच विचारायच्या आधी सांगायला लागतात.

हिरवी_शाई
मेलचं मी सांगते. पाऊण तास जातो कारण विचार आणि इंग्रजी दोन्ही एकाच वेळी चाललेलं असतं. आधी कागदावर मराठीत तीन ओळी लिहा: काय हवंय, कोणाकडून, कधीपर्यंत. मगच कीबोर्डला हात लावा.

उत्तर का येत नाही ते बहुतेकदा विषयाच्या ओळीतच दिसतं. 'रिगार्डिंग हब लाईन' असा विषय असेल तर उघडायची घाई कोणालाच नसते. 'अप्रूव्हल नीडेड बाय २ पीएम: १ अवर ओटी, हब लाईन' असं लिहा. पहिल्या वाक्यात तीच मागणी परत, खाली दोन ओळी कारण, बस. 'टू' मध्ये ज्याने काम करायचंय तो एकच माणूस, बाकीचे 'सीसी' मध्ये. 'डिअर ऑल' म्हणून पाठवलेलं काम कोणाचंच नसतं. 'प्लीज डू द नीडफुल' तर काढूनच टाका, नीडफुल म्हणजे काय ते लिहा. आणि एका मेलमध्ये एकच विषय, नाहीतर सोप्या मुद्द्याचं उत्तर येतं आणि अवघड मुद्दा बुडतो.

एआयकडून इंग्रजी नीट करून घ्यायला हरकत नाही, पण वर गोड प्रस्तावना चिकटते ती खोडा आणि आकडे स्वतः ताडून बघा.

शिफ्टवाला
सगळ्यांचे आभार, हे उद्यापासूनच करतो. एक राहिलं. ग्राहकाच्या क्वालिटीचा फोन आला, त्यांच्या लाईनवर आपला खराब नग सापडलाय, आणि कारण मला अजून माहीत नाही. तेव्हा काय बोलायचं? वरिष्ठांना कधी सांगायचं?

गेजरूम
वरिष्ठांना लगेच. कारण शोधून मग सांगू, यात जे दोन तास जातात त्यांत मालाची अजून एक गाडी डिस्पॅच होते.

फोनवर कारण सांगूच नका, अंदाजानेही नाही. 'ऑपरेटरची चूक असेल' हे एकदा तोंडातून गेलं की ८डी रिपोर्टच्या (ग्राहकाच्या तक्रारीवरचा आठ पायऱ्यांचा अहवाल) चौथ्या पायरीवर, जिथे मूळ कारण लिहायचं असतं, तेच तुमच्यासमोर ठेवतात, आणि मूळ कारण म्हणून ते स्वीकारतही नाहीत. त्या क्षणी ग्राहकाला कारणापेक्षा त्याची लाईन वाचवायची असते. म्हणजे तिसरी पायरी, कंटेनमेंट: खराब माल पुढे जाऊ न देणं. संशयित नग चार ठिकाणी असू शकतात: त्यांच्याकडे, वाटेतल्या गाडीत, तुमच्या तयार मालात आणि मशीनवर. चारही आकडे सांगा. सॉर्टिंग (एकेक नग तपासून वेगळा करणं) किती वाजता सुरू होणार, कोण करणार, तपासलेल्या नगावर खूण कसली (हिरवा ठिपका वगैरे), कोणत्या डिलिव्हरी चलनापासून माल तपासलेला असेल. शेवटी 'कारण चार वाजता कळवतो'. चारला कारण सापडलं नसलं तरी चारला फोन करायचाच. बोलणं झाल्यावर पंधरा मिनिटांत तेच मेलवर.

आणि शब्द बोथट करू नका. आपल्याकडे 'थोडा इश्यू आहे, बघतोय' हे शिंकेलाही चालतं आणि आगीलाही. २५ जानेवारी १९९० ला आवियांका या विमान कंपनीचं फ्लाइट ५२ न्यूयॉर्कजवळ कोसळलं. इंधन संपत आल्याचं कर्मचाऱ्यांनी कंट्रोलला सांगितलं होतं, पण 'इमर्जन्सी' हा ठरलेला शब्द उच्चारला नाही. त्यामुळे उतरण्याच्या रांगेत त्यांना तातडीने पुढे घेतलं गेलं नाही. १५८ पैकी ७३ जण गेले. कारखान्यातले ठरलेले शब्द म्हणजे 'डिस्पॅच होल्ड' (माल पाठवणं थांबवा) आणि 'ग्राहकाची लाईन थांबेल'. वेळ आली की तेच वापरा. साहेब चिडतील. दुपारी कळलं असतं तर जास्त चिडले असते.

हिरवी_शाई
क्लासबद्दल मात्र माझं थोडं वेगळं मत आहे. पुढे ग्राहकाकडच्या कामावर जायचं असेल तर बोलण्याचा सराव लागतोच. पण तो फुकटात होतो: रोज मीटिंगला जायच्या आधी तुमचं अर्ध्या मिनिटाचं बोलणं फोनवर रेकॉर्ड करून ऐका. पहिला आकडा कितव्या सेकंदाला आला आणि 'ॲक्च्युअली' किती वेळा आलं, एवढंच मोजा. व्याकरण सोडून द्या.

आपल्या मंडळींचा खरा घात आकड्यांत होतो. बावन्नमध्ये दोन आधी आणि पन्नास नंतर, त्यामुळे घाईत 'ट्वेंटी फाइव्ह' निघून जातं. 'एकोण'वाले तर त्याहून वाईट: एकोणपन्नास डोक्यात असतं आणि तोंडातून 'फिफ्टी नाइन' येतं. 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी' खराब लाईनवर सारखेच ऐकू येतात. म्हणून फोनवर आणि हँडओव्हरमध्ये अंक सुटे म्हणा. ४९ असेल तर 'फोर नाइन', हिंदीत 'चार नौ'. उनचास म्हटलं की हिंदीवाल्यांचा आणि आपला, दोघांचाही गोंधळ.