मागास भागात सरकारी लॉ कॉलेज काढावं, की आहेत त्या वकिलांनाच तिकडे पाठवावं?

मुक्ता (धागाकर्ती)

जिथे वकील मिळत नाही, तिथला माणूस बरेचदा बाजू लंगडी आहे म्हणून हरत नाही. समन्स हातात पडतं, त्यातलं काही कळत नाही, तारखेला तो जात नाही आणि एकतर्फी निकाल लागतो. जमीन असो, पोटगी असो, घर रिकामं करण्याची नोटीस असो, गत तीच. अशा भागात सरकारने स्वतःचं लॉ कॉलेज काढलंच पाहिजे. खासगी संस्था तिथे जाणार नाही, आणि गेलीच तर तिची फी तिथल्या मुलांच्या आवाक्यात राहणार नाही.

कॅनडातलं थंडर बे बघा. ऑन्टारियो प्रांतातल्या सगळ्या विधी शाखा दक्षिणेकडे एकवटलेल्या. चाळीसहून जास्त वर्षांत नवी एकही निघालेली नव्हती. 2013 मध्ये लेकहेड विद्यापीठाने उत्तरेत, थंडर बेमध्ये, ती सुरू केली आणि अभ्यासक्रम तिथल्या गरजेवर बेतला: मूळनिवासींचे हक्क, जंगल-खाणींचे कायदे, एकट्याने छोटं ऑफिस चालवणं. प्रत्यक्ष कामाचा अनुभव पदवीतच धरला, त्यामुळे नंतर वेगळी उमेदवारी करावी लागत नाही. ज्या भागात हाताखाली घ्यायला ज्येष्ठ वकीलच कमी, तिथे ही सोय फार मोठी आहे.

तर्कशुद्ध

सहमत नाही. कॉलेज तिथे काढलं म्हणजे शिकलेली मुलं तिथेच राहतील, हे कशावरून? बंगळूरुच्या नॅशनल लॉ स्कूलची पहिली तुकडी 1988 मध्ये बसली. तिचे संस्थापक माधव मेनन यांच्या डोळ्यासमोर समाजासाठी उभे राहणारे वकील होते. शिक्षण उत्तम झालं, यात वाद नाही, पण पुढे मुलांचा मोठा ओढा लॉ फर्म आणि कंपन्यांकडेच राहिला. मुलांना दोष देत नाही, चांगला पगार कोण नाकारेल?

त्यापेक्षा अमेरिकेतल्या साउथ डकोटा राज्याने केलं ते सरळ आहे. 2013 पासून तिथे योजना आहे: ग्रामीण काउंटीत (म्हणजे तिथल्या जिल्ह्यात) पाच वर्षं वकिली करा, दरवर्षी ठरलेली रक्कम घ्या. काही वाटा काउंटी उचलते, बाकीचा न्यायव्यवस्था आणि वकील संघटना. इमारत नाही, प्राध्यापक भरती नाही, पैसा थेट कामाला.

मुक्ता

ती रक्कम ठरते कशी, तेही सांगा ना. राज्यातल्या सरकारी विधी महाविद्यालयाच्या एका वर्षाच्या फीच्या 90 टक्के. म्हणजे राज्याचं स्वतःचं विधी महाविद्यालय आधीपासून होतं आणि योजना त्याच्या जोडीला आली. जिथे मुळात कॉलेजच नाही, तिथे पाठवायला माणसं आणायची कुठून?

बंगळूरुचं उदाहरण इथे लागू होत नाही. तिथे देशभरातून मुलं येतात, ती देशभर पांगणारच. मी म्हणते त्या कॉलेजात निम्म्याहून जास्त जागा त्याच भागातल्या मुलांना हव्यात. हे जमणार नसेल, तर माझाही विरोध धरा.

उत्तरवारा

इमारतीशिवायही होतं. कॅनडाच्या अगदी उत्तरेला नुनावुत आहे. 1999 मध्ये तो वेगळा प्रदेश झाला तेव्हा इनुइट, म्हणजे तिथल्या मूळनिवासी समाजातला, वकील जेमतेम एक. 2001 मध्ये व्हिक्टोरिया विद्यापीठाच्या मदतीने तिथल्या राजधानीत, इकालुइटमध्येच पदवीचे वर्ग भरवले. प्राध्यापक तिकडे जायचे, विद्यार्थ्यांना शिकायला प्रदेशाबाहेर जावं लागलं नाही. 2005 मध्ये 11 जण पदवीधर झाले. एका तुकडीत चित्र पालटलं. मग कायमचा डोलारा कशाला?

मुक्ता

आणि त्यानंतर? पुढची तुकडी बसायला 2017 उजाडलं, तेही दुसऱ्या विद्यापीठाबरोबर नव्याने करार करून. मधल्या काळात तिथे जी मुलं अठरा-वीस वर्षांची झाली, त्यांनी काय करायचं होतं? कार्यक्रम निधी संपला की संपतो. सरकारी कॉलेज बंद करायला निदान विधिमंडळात कुणाला तरी उत्तर द्यावं लागतं.

सनदधारक

आतापर्यंत सगळे वकील किती तयार होतील तेच मोजताहेत. माझ्या मते कॉलेजचा खरा उपयोग पदवीदानाच्या कितीतरी आधी सुरू होतो. मी विद्यार्थ्यांच्या विधी सहाय्य केंद्रावर बसते. परवा एक आजी आल्या, पिशवीभर कागद घेऊन. मुलांनी तासभर नुसते तारखेप्रमाणे कागद लावले. त्यात कळलं की घराचा निकाल त्यांच्याविरुद्ध केव्हाच लागलाय. नोटीस लागली होती जुन्या पत्त्यावर. मग निकाल रद्द करण्याचा अर्ज, सोबत विलंब माफीचा अर्ज, आणि जुना पत्ता सुटल्याचा पुरावा. मसुदा तिसऱ्या वर्षाच्या मुलीने केला, मी दोन ठिकाणी दुरुस्त केला आणि सही माझी. ती मुलगी उद्या शहरात गेली तरी पुढच्या वर्षी त्या खुर्चीवर दुसरी असेल.

तर्कशुद्ध

हे पटलं. पण त्यासाठी तुमच्यासारखी सही करणारी माणसं लागतात आणि मागास भागात नेमकी तीच टिकत नाहीत. ज्या लेकहेडचं कौतुक चाललंय, तिथे मूळनिवासी समाजातल्या पहिल्या महिला अधिष्ठात्यांनी दोन वर्षांतच, 2018 मध्ये, संस्थेत वंशभेद मुरलेला असल्याचा आरोप करून पद सोडलं. ज्यांच्यासाठी कॉलेज काढलं, त्यांच्यातल्याच व्यक्तीवर ही वेळ यावी? नुसत्या जागा राखून हे सुटत नाही. नियामक मंडळात त्या समाजाला मताचा अधिकार नसेल, तर मी विरोधातच आहे.

मुक्ता

मताचा अधिकार हवाच, आणि तो स्थापनेच्या कायद्यातच लिहिलेला हवा. नंतर परिपत्रक काढून दिलेला अधिकार नंतरच्या परिपत्रकाने जातो. पण शिक्षक टिकत नाहीत म्हणून कॉलेजच नको, हे मान्य नाही. केंद्रावर पक्षकारांसोबत घालवलेले तास बढतीत शोधनिबंधाइतके धरा, राहायला घर द्या, मग बघू किती जण टिकतात.

उत्तरवारा

बढतीचा मुद्दा चांगला आहे. माझं म्हणणं इतकंच, की इमारतीची निविदा निघायची वाट न बघता केंद्र आधी सुरू करा, भाड्याच्या दोन खोल्यांत का होईना.

सनदधारक

दोन खोल्या चालतील. त्यातली एक दार बंद होणारी हवी. मारहाणीची तक्रार घेऊन आलेली बाई रांगेतल्या शेजाऱ्यांसमोर बोलत नाही.