नेदरलँड्समध्ये उन्हाळा सरताना सायकल: कोठे फिरावे आणि पानगळीआधी काय तयारी करावी?

प्रश्न: नवी उट्रेख्तकर

नमस्कार. मी गेल्या हिवाळ्यात पुण्याहून उट्रेख्तला राहायला आले आणि वसंतात एक जुनी, तीन गिअरची डच सायकल विकत घेतली. तेव्हापासून कचेरीला जाणे-येणे सायकलवरूनच होते. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असे. आता ऑगस्ट संपत आला असून साडेआठच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि सकाळी गवतावर दव दिसू लागले आहे. सायकल हिवाळ्यातही चालू ठेवायची माझी मनापासून इच्छा आहे. हे उरलेले चांगले आठवडे कोठे फिरण्यात घालवावेत, आणि सायकलची कोणती कामे आधी करून घ्यावीत? सगळेच दुकानातून करून घेणे परवडणार नाही, म्हणून कामांचा क्रम समजला तर फार मदत होईल.

उत्तर: नदीकाठचा प्रवासी

फिरण्याबद्दल आधी सांगतो, कारण त्याला मुदत आहे. फेलुवेच्या माळरानावरचे हेदर (बुटके फुलझुडूप) ऑगस्टमध्ये जांभळे फुलते आणि सप्टेंबरच्या मध्याला ओसरते, त्यामुळे होखे फेलुवे राष्ट्रीय उद्यानाला जायचे असेल तर याच दोन-तीन आठवड्यांत जा. प्रवेशाचे तिकीट काढले की उद्यानाच्या पांढऱ्या सायकली आत विनामूल्य मिळतात, म्हणून स्वतःची सायकल रेल्वेने न्यायची गरज नाही. (न्यायचीच असेल तर तिचे वेगळे तिकीट लागते आणि कामाच्या दिवशी गर्दीच्या वेळी ती नेता येत नाही.)

त्यानंतर सप्टेंबरभर क्रोमे राइन नदीच्या काठाने बुन्निकवरून वेइक बाय दूरस्टेडेपर्यंतचा रस्ता धरा. सफरचंद आणि नाशपातीच्या बागांची तोडणी याच काळात चालते, आणि शेतांच्या फाटकाशी फळे विकायला ठेवलेली असतात. वेइकमध्ये वेशीच्या कमानीवर उभी असलेली पवनचक्की अवश्य पाहा. या देशात वारा बहुतेक वेळा नैर्ऋत्येकडून येतो. म्हणून निघताना वारा तोंडावर घ्यावा आणि दमल्यावर परतताना तो पाठीशी असावा, असा मार्ग आखत जा. सायकलमार्गांच्या चौकांना क्रमांक असतात आणि हिरव्या-पांढऱ्या पाट्या पुढच्या क्रमांकाची दिशा दाखवतात, त्यामुळे वाटेतले चार-पाच आकडे कागदावर लिहून घेतले की नकाशा उघडावा लागत नाही.

उत्तर: पाना आणि ग्रीस

ताई, कामांचा क्रम माझ्या मते असा असावा: दिवे, ब्रेक, टायर आणि मग साखळी. बहुतेक जण साखळीला तेल घालून तयारी झाली असे मानतात, पण साखळी कुरकुरली तर फक्त त्रास होतो, दिवा नसेल तर जिवाला धोका असतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळे एक तास मागे जातात आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला पाचच्या सुमारासच सूर्य मावळतो, म्हणजे कचेरीतून परतीचा रस्ता एका आठवड्यात उजेडातून अंधारात जातो. पुढे पांढरा किंवा पिवळा आणि मागे लाल दिवा कायद्याने आवश्यक आहे, आणि तो लुकलुकणारा चालत नाही. टायरला घासून फिरणारा जुना डायनमो असेल तर तो पावसात घसरतो. अशा वेळी बॅटरीचे साधे दिवे घ्यावेत. मागचा दिवा लागत नसेल तर दुकानात जाण्यापूर्वी मडगार्डच्या कडेने जाणारी तार तपासा, कारण बहुधा तीच तुटलेली असते.

पेडल उलटे दाबले की लागणारा मागचा ब्रेक चाकाच्या तुंब्यात (मधल्या नळीत) बंद असल्यामुळे त्याला पावसाची बाधा होत नाही. पुढचा ब्रेक मात्र चाकाच्या कडेवर रबर दाबणारा असेल तर ओल्या कडेवर तो उशिरा धरतो, आणि कड पोलादाची असेल तर फारच उशिरा. रबरावरच्या खाचा झिजून गेल्या असतील तर नवी रबरे बसवा. हे काम घरी करता येते आणि खर्चही थोडा येतो. टायरच्या बाजूंना तडे दिसले, तर पैसे तेथेच खर्च करावेत. रबरात रुतलेले काचेचे कण आत्ताच टोकदार वस्तूने काढून टाका. ओल्या पानांसाठी हवा थोडी कमी ठेवली की पकड सुधारते.

उत्तर: रोजचा स्वार

हवा कमी करण्याविषयी थोडे वेगळे मत मांडतो. टायरच्या बाजूवर किमान आणि कमाल दाब छापलेला असतो. त्या किमान आकड्याखाली कधीही जाऊ नये, कारण पदपथाची कड लागताच आतली ट्यूब चिमटून पंक्चर होते. शिवाय ओल्या विटांच्या रस्त्यावर पानांचा थर असला की कोणताही टायर घसरतो, म्हणून वेग वळणाच्या आधीच कमी करावा आणि पानांवर असताना ब्रेक लावू नये. ट्रामचे रूळही शक्यतो काटकोनात ओलांडावेत.

नवी उट्रेख्तकर

सर्वांचे मनापासून आभार. या शनिवारी दिवे आणि ब्रेक पाहते, आणि रविवारी होखे फेलुवेला जाते. माझ्या सायकलची साखळी पूर्ण झाकलेली आहे. तिला तेल घालावे लागते का?

पाना आणि ग्रीस

झाकलेल्या साखळीला वर्षातून एक-दोनदा पुरते. झाकणाचे मागचे तोंड उघडा, पेडल सावकाश फिरवत कड्यांवर थेंब थेंब तेल सोडा आणि वर राहिलेले फडक्याने पुसून घ्या, नाहीतर त्यावर वाळू चिकटते. तेलाची बाटली हातात असतानाच मागच्या चाकाच्या कुलपातही दोन थेंब सोडा. पावसाचे पाणी आत साचून थंडीत गोठले की किल्ली फिरत नाही.