उत्तर: उत्तर: रविवारची दारातली फुलं (आज रात्रीपर्यंत सांगा)

सांस्कृतिक समिती:
मंडळी, रविवारच्या मदर्स डेच्या कार्यक्रमासाठी फुलवाल्याला उद्या सकाळी आकडा द्यायचाय. ९० गुलाबी कार्नेशन्स, ६० पांढरी. ज्यांची आई आहे त्यांना गुलाबी, ज्यांची नाही त्यांना पांढरं. १९०८ पासूनची इथली, अमेरिकेतली प्रथा आहे, पत्रकातही तसंच छापतोय. हरकत असेल तर आत्ताच सांगा, कोजागिरीसारखं नंतर नको.

नाना:
हरकत आहे. १९०८ साली दोन रंग नव्हतेच. हा दिवस सुरू करणाऱ्या ॲना जार्विसने १० मेला वेस्ट व्हर्जिनियातल्या ग्राफ्टनच्या चर्चमध्ये ५०० फुलं पाठवली ती सगळी पांढरी, कारण तिच्या आईचं ते आवडतं फूल. स्वतः ती त्या दिवशी फिलाडेल्फियात होती. रंगांची वाटणी मागाहूनची. पांढरी फुलं पुरेनाशी झाल्यावर ही वाटणी फुलवाल्यांनी उचलून धरली. पत्रकात अजून दोन चुका आहेत. पहिली, मायलेकींची गल्लत. आई ॲन रीव्ह्ज जार्विस, लेक ॲना. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या आधी बायकांचे गट बांधून दुधाची तपासणी नि स्वच्छतेचं काम केलं ते आईने. ती ९ मे १९०५ ला गेली, म्हणून मेचा दुसरा रविवार. दिवस मागितला लेकीने, आणि १९१४ साली राष्ट्राध्यक्ष विल्सनने तो जाहीर केला. दुसरी चूक, ‘सर्व मातांचा दिवस’. ॲनाचा आग्रह एकवचनाचा होता, प्रत्येकाने आपापल्या आईचा.

भाऊ:
नाना, ‘मातृदिन’ म्हटलं की वचनाचा प्रश्नच मिटतो, समासात कळत नाही एक आई का शंभर. आणि मुळात आपला मातृदिन पिठोरीला. आई डोक्यावर वाण घेऊन “अतिथी कोण?” विचारते, मूल मागून “मी” म्हणतं. ते सोडून कार्नेशन्स कशाला?

खजिनदार:
पिठोरीच्या सुमारास इथे शाळा सुरू होतात, हॉल मिळत नाही. हे मागच्या सभेत झालंय, भाऊ, तुम्ही चहाला बाहेर होतात. माझा मुद्दा पैशाचा. मेच्या या आठवड्यात फूलवाले भाव चढवतात, म्हणून दारात फूल दोन डॉलरला विकायचं ठरलंय. ते कायम आहे ना?

नाना:
दोन डॉलर! १९२५ साली फिलाडेल्फियात युद्धात मुलं पाठवलेल्या आयांची संघटना निधीसाठी कार्नेशन्सच विकत होती. ॲना तिथे जाऊन इतकी भांडली की शांतताभंगाखाली तिला अटक झाली. स्वतः सुरू केलेला दिवस बंद पाडायला तिने उरलेलं आयुष्य घातलं. स्वतःला मूलबाळ नव्हतं, शेवटी १९४८ साली सॅनिटोरियममध्ये गेली. आणि आपण तिच्याच नावाने पावत्या फाडणार.

खजिनदार:
मग दीडशे फुलांचे पैसे कोण देणार तेही इतिहासातून काढा.

भाऊ:
चहाला नव्हतो, गाडी हलवायला गेलो होतो. तुमचीच आडवी होती.

काकू:
तुमचं सन-सनावळीचं होऊ दे. दारात उभं राहून “आई आहे का?” हे विचारणार कोण? नावनोंदणीचं टेबल माझ्याकडे आहे म्हणून विचारतेय.

माझी आई फेब्रुवारीत गेली त्या वर्षी आम्ही एकीकडे जेवायला गेलो होतो. दारात एक पोरगी दोन बादल्या घेऊन उभी, एकीत गुलाबी, एकीत पांढरी. ती हसून थांबली. माझा हात सवयीने गुलाबीकडे गेला आणि मधेच अडला. मागे रांग. शेवटी ह्यांनी मागून हात घालून पांढरं उचललं नि माझ्या पर्सला खोचलं. पुढचा सगळा वेळ समोरच्या टेबलावरची माणसं पर्सकडे बघतायत असंच वाटत होतं. बघत नसतीलही. पण आपल्याकडे तर सगळे ओळखीचे. कुणाची आई तिकडे अतिदक्षता विभागात आहे, कुणाची लहानपणीच गेली, कुणाच्या दोन आहेत. त्यांना मी रंग विचारू?

सांस्कृतिक समिती:
काकू, हे डोक्यातच आलं नाही. मग सगळी पांढरी?

भाऊ:
आई असताना पांढरं फूल माझी सासू हातात धरणार नाही. ती यंदा इथेच आहे.

काकू:
मिसळून ठेवा. एकच बादली, ज्याने त्याने उचलावं. मी टेबलावर खाली मान घालून नावं लिहीन.

सांस्कृतिक समिती:
ठरलं. १५० मिसळून, विकत नाही, शेजारी ऐच्छिक डबा. खजिनदार, चालेल?

खजिनदार:
डब्याला कुलूप असलेला आणा. दिवाळीचा उघडा होता.

नाना:
आणि पत्रकातलं ‘सर्व मातांचा’ खोडा.

काकू:
बादली माझ्या गराजमध्ये आहे, हळदीकुंकवाची, स्टीलची. शनिवारी सहाच्या आत कोणीतरी घेऊन जा.