नको तेव्हा सेन्सर ओरडतो, हवं तेव्हा फोन गप्प! मदत हवी आहे

मंडळी, थोडं लांबलंय, सांभाळून घ्या.

मला टाइप 1 मधुमेह आहे, 17 वर्षं झाली. बोटं टोचून कंटाळले म्हणून दीड वर्षापासून दंडावर ग्लुकोज सेन्सर लावते; तो साखरेचा आकडा ब्लूटूथने फोनवरच्या अ‍ॅपला पाठवतो आणि साखर फार घसरली की फोन अलार्म वाजवतो. सुरुवातीला जादूच वाटली. आता रोजची कटकट आहे.

आधी व्हायचं असं की पहाटे तीनला अलार्म, आकडा 54. धडपडत उठून बोट टोचावं तर 103! डॉक्टरांनी विचारलं, कोणत्या कुशीवर झोपता? डाव्या. आणि सेन्सरही डाव्याच दंडावर. अंगाखाली दाबला गेला की आकडा खोटाच घसरतो म्हणे. दंड बदलला, ते थांबलं. सेन्सर रक्तातली नाही, त्वचेखालच्या द्रवातली साखर मोजतो, म्हणून 5 ते 15 मिनिटं मागे राहतो, हेही माहीत आहे. नवा सेन्सर लावला की पहिल्या दिवसाचे आकडे तर मी मनावरच घेत नाही. पण नवव्या दिवशी, तासभर स्वस्थ बसलेली असताना सेन्सरवर 212 आणि बोट टोचून बघायच्या मीटरवर 131? हात धुऊन दोनदा तपासलं. सेन्सरचं ऐकून इन्सुलिन टोचलं असतं तर काय झालं असतं, विचार करा. लागोपाठ दोन सेन्सर असेच निघाले.

त्याहून वाईट फोनचं. मागच्या महिन्यात त्याने रात्री आपोआप अपडेट घेतलं आणि तेव्हापासून ब्लूटूथ मधूनच तुटतं. परवा घामाने जाग आली, मीटरवर 49, फोन ढिम्म. अ‍ॅप उघडल्यावर मधला आलेख आपोआप भरून आला. म्हणजे सेन्सरने बरोबर मोजलं होतं, फोननेच मला सांगितलं नाही!

अ‍ॅपवरचं बॅटरी बचतीचं बंधन काढलंय, 'डू नॉट डिस्टर्ब' असतानाही वाजायची परवानगी दिली आहे, फोन बंद-चालू करून झाला. अ‍ॅप काढून परत टाकायचा धीर होत नाही, चालू सेन्सर पुन्हा जोडला गेला नाही तर तो वायाच. हेल्पलाइनचं उत्तर: "तुमचा फोन अ‍ॅप चालणाऱ्या फोनच्या यादीत आहे, पण अपडेटनंतरची ही आवृत्ती अजून तपासलेली नाही." मग मी काय करू?

जुना फोन फक्त सेन्सरसाठी ठेवून त्याचं अपडेट कायमचं बंद केलंय असं कुणी आहे का? की फोनऐवजी सेन्सरचे आकडे दाखवणारं वेगळं यंत्र, म्हणजे रीडर, घेतलेला बरा? उशाशी ठेवल्यावर त्याचा अलार्म खात्रीने वाजतो का? आणि चुकीच्या सेन्सरबद्दल बदली मागताना काय पुरावा दिलात? माझ्याकडे दोन्ही आकड्यांचे वेळेसकट फोटो आहेत, लॉट नंबरही आहे, पण पलीकडून "पाणी गेलं होतं का" याच्या पुढे गाडी सरकत नाही.

"डॉक्टरांना विचारा" म्हणू नका, विचारलंय. इन्सुलिन मीटर बघूनच घ्या म्हणाले, तसंच करते. फोनचं त्यांना काही कळत नाही.

तोवर घड्याळात तीनचा साधा गजर लावून बोट टोचते आहे.